प्लेटा बदलण्याआधी डबा वाचा



या सदरातून आपण आजवर शाळेची फीमाफी, जातपडताळणी, रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधी असे बरेच विषय घेतले. मोटारसायकलचा क्लच हा विषय कधी घ्यावा लागेल असे मात्र वाटले नव्हते. तुर्भ्याच्या एका भगिनीच्या पत्रामुळे तो घेत आहे. त्या लिहितात, "दादा, माझा मुलगा जुन्या गाडीवर पार्सल पोचवायचे काम करतो. महिना झाला, पुलावर चढताना गाडी नुसती ओरडते, पुढे सरकत नाही. गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला, इंजिनही खोलावे लागेल. बचत गटातून कर्ज उचलावे म्हणते. उचलू का?"

पत्र चारच ओळींचे, पण ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. ज्याची गाडी हौसेची असते तो ती आठवडाभर गॅरेजात ठेवू शकतो. आपली कितीतरी पोरे दिघ्यापासून बेलापूरपर्यंत जुन्या गाडीवर जेवणाचे डबे, औषधे, पार्सले पोचवतात. त्यांची गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. घरभाडे आणि किराणा मात्र थांबत नाही.

म्हणून उत्तर आधीच सांगतो. ताई, कर्ज लगेच उचलू नका. आधी तीन गोष्टी बघायच्या आहेत आणि त्यातल्या दोन फुकटात बघता येतात. त्या सांगण्यापूर्वी माझी स्वतःची फजिती ऐका, कारण ही अक्कल मला पैसे मोजून आलेली आहे.

आमच्या घरी स्प्लेंडर आहे, २००४ सालची. काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या विहारातले सहा जण तीन गाड्यांवर भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे पनवेल, खोपोली आणि जुन्या रस्त्याने बोरघाट. माझ्या मागे बसलेले सहकारी अंगाने भारदस्त. खोपोली सुटली, चढ लागला आणि गाडीने रंग दाखवला. इंजिनाचा आवाज असा की जणू साठच्या स्पीडने चाललो आहोत आणि गाडी चालली बैलगाडीच्या गतीने. वर काहीतरी जळाल्याचा वास. मग जिथे चढ येईल तिथे त्यांनी उतरायचे आणि पायी चालायचे, असे करत आम्ही पहाटे लोणावळ्यात पोचलो. सहकाऱ्यांनी वाटेत एक शब्द बोलून दाखवला नाही, याची मला आजही लाज वाटते.

परत आल्यावर घराजवळच्या गॅरेजात क्लच प्लेटा बदलल्या. इंजिनाचे झाकण खोलायला ऑइल काढावे लागते. मी मेकॅनिक पोराला म्हटले, "अरे, ऑइल महिन्यापूर्वीच घातलंय, तेच परत घाल." त्याने ताटलीत काढलेले ऑइल गाळून परत ओतले. माझ्यातला कारकून खूश झाला, तेवढेच पैसे वाचले! पंधरा दिवसांत ठाणे-बेलापूर रस्त्यावर नव्या प्लेटाही घसरू लागल्या. पोरगा म्हणाला, प्लेटा डुप्लिकेट निघाल्या असतील. पुन्हा प्लेटा, पुन्हा मजुरी आणि पुन्हा तेच ऑइल. तिसऱ्या वेळी मी कोपरखैरण्याच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधीच विचारले, "ऑइल कुठलं आहे?" मी अभिमानाने सांगितले, महागातले आहे, चांगल्या कंपनीचे; एका मित्राने साहेबांच्या कारसाठी आणलेल्यातला उरलेला डबा दिला होता. ते हसले. "कारचं ऑइल कारला. डबा वाचला नाही का साहेब?"

बी.कॉम. झालेला माणूस, दिवसभर कचेरीत कागद वाचून डोळे दुखतात आणि एक डबा वाचला नव्हता!

आता यातली गोम समजून घेऊ. क्लच म्हणजे भाकऱ्यांची चवड समजा. एक भाकरी घर्षणाची, एक पोलादाची, पुन्हा एक घर्षणाची, पुन्हा पोलादाची. निम्म्या भाकऱ्या इंजिनाकडून फिरतात, निम्म्या गिअरकडे जोडलेल्या असतात. चार-सहा स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात, त्यामुळे सगळ्या एकजीव फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. आपण क्लच दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा दाब सुटतो, भाकऱ्या मोकळ्या होतात आणि गिअर बदलता येतो. मोटारसायकलमध्ये ही चवड इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. त्यामुळे ऑइल नको तितके बुळबुळीत असेल तर तुपाचा हात लागलेल्या भाकऱ्यांसारख्या प्लेटा एकमेकींवरून घसरतात. कारचा क्लच बहुधा कोरडा असतो, इंजिनाच्या ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून पेट्रोल वाचावे यासाठी कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळली तरी कारचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपले.

१९९० नंतरच्या दशकात अशी पेट्रोल वाचवणारी ऑइले बाजारात वाढली आणि मोटारसायकलींचे क्लच घसरू लागले. तेव्हा जपानी लोकांनी मोटारसायकलच्या ऑइलसाठी वेगळे मानक तयार केले. ते १९९८ साली आले. त्याचे नाव जासो. डब्याच्या मागच्या बाजूला जे, ए, एस, ओ ही चार इंग्रजी अक्षरे शोधा आणि त्यापुढे काय लिहिले आहे ते बघा. 'एम ए' लिहिले असेल तर ते ऑइल तेलातल्या क्लचसाठी, म्हणजे आपल्या गिअरच्या मोटारसायकलसाठी आहे. २००६ पासून त्यात 'एम ए १' आणि 'एम ए २' असे दोन भाग झाले. 'एम ए २'मध्ये प्लेटांची पकड जास्त. 'एम बी' लिहिले असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडा आणि वेगळ्या जागी असतो. तेव्हा लक्षात ठेवायला सोपे: आपल्या मोटारसायकलला एम.ए. झालेलेच ऑइल लागते, माझ्यासारखे बी.कॉम. चालत नाही. घरात मुलीची स्कूटर आणि बापाची मोटारसायकल अशा दोन गाड्या असतील तर स्कूटरचा उरलेला डबा बापाच्या गाडीत रिकामा करू नका.

दुसरी खूण म्हणजे आकडा. '२० डब्ल्यू ४०', '१० डब्ल्यू ३०' असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा थंड इंजिनातला दाटपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला. नव्या गाड्यांना बऱ्याच ठिकाणी १० डब्ल्यू ३० सांगितलेले असते, कारण त्यांचे भाग घट्ट बसवलेले असतात आणि पातळ ऑइलाने पेट्रोल वाचते. सीडी-१००, जुनी स्प्लेंडर, बॉक्सर अशा गाड्यांना वर्षानुवर्षे २० डब्ल्यू ४० चालत आले. पल्सरसारख्या काही गाड्यांना २० डब्ल्यू ५० असते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे झिजलेल्या जुन्या इंजिनाला २० डब्ल्यू ४० पातळ ऑइलापेक्षा मानवते. तरी गाडीचे पुस्तक असेल तर पुस्तकाचे ऐका. भिंतीवर टांगलेल्या जाहिरातीचे नको आणि माझेही नको.

महागाचे सिंथेटिक घ्यावे का, असे पोरे विचारतात. ज्याची ऐपत आहे त्याने घ्यावे. वीस वर्षांच्या शंभर सीसी गाडीला मात्र साधे, एम ए छापाचे, सीलबंद ऑइल वेळेवर बदललेले पुरते. एकदा महागाचे घालून वर्षभर विसरण्यापेक्षा हे बरे. आपला पार्सलवाला रोज शंभर किलोमीटर फिरतो असे धरा. महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे सव्वीसशे किलोमीटर. जुन्या इंजिनात दोन ते तीन हजाराला ऑइल बदलावे, म्हणजे त्याला दर महिन्याला. कचेरीत जाऊन येणाऱ्याला तीन-चार महिन्यांनी. एक दहा रुपयांची वही करा, किलोमीटर आणि तारीख लिहा.

सुटे ऑइल घेऊ नका. पिंपातून मापाने मिळणारे ऑइल कशाचे आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. कित्येकदा जुनेच गाळून उजळवलेले असते. ट्रकचे डिझेल ऑइलही काही जण घालतात. त्याने लगेच घात होतो असे नाही, पण ते या क्लचसाठी बनवलेले नाही आणि डब्यावर जासोची खूण नसेल तर हमी कोणाचीच नाही. आपल्या समोर सील तोडायला सांगा आणि रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे त्यात भेसळ भरून कोणी दुसऱ्या गरिबाला विकणार नाही. पावती मागायला लाजू नका. गटारात काळे ऑइल ओतलेले मी पाहतो, ते शेवटी खाडीत जाते. वापरलेले ऑइल कायद्याने धोकादायक कचरा आहे, ते गॅरेजातच नोंदणी असलेल्या जमा करणाऱ्यासाठी साठवायला सांगा. आणि काम करणाऱ्या पोरांनी हात साबणाने धुवावेत. पेट्रोलने नव्हे.

जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट निराळी. आरएक्स-१००, राजदूत, येझदी किंवा चेतक स्कूटर अजून काही घरांत जपून ठेवल्या आहेत. त्यांचे टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते, क्लचपर्यंत पोचतच नाही. क्लच गिअर ऑइलमध्ये असतो. "टू-टी भारीतले टाकतो, तरी क्लच का घसरतो?" असे म्हणणाऱ्याने गिअर ऑइल शेवटचे कधी बदलले ते आठवावे. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये तर इंजिनाचे ऑइल वेगळे, क्लचच्या डब्यातले वेगळे. असो.

आता दुखणे ओळखायचे कसे? पहिली गोष्ट, क्लच गेला की इंजिनात दम नाही, हे आवाजावरून ठरवा. चढावर अॅक्सिलेटर पिळला आणि आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजच वाढत नसेल, गाडी गुदमरल्यासारखी होत असेल, तर दुखणे इंजिनात किंवा पेट्रोलमध्ये आहे, प्लेटा बदलून पैसे घालवू नका. आवाज वाढतो पण मागून खट्खट् झटके बसतात, तर आधी चेन आणि तिच्या चक्रीचे दात बघा. मागचे चाक हाताने फिरवून ब्रेक चिकटत नाही ना, तेही बघून घ्या.

सपाट मोकळ्या जागी एक परीक्षा करता येते. गाडी चालू करा, क्लच दाबून वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक आवळून धरा, थोडा अॅक्सिलेटर द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर पकड आहे. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन खुशाल फिरत राहिले तर प्लेटा घसरत आहेत. ही परीक्षा एकदाच करा, पोरांना दाखवायला दहादा केलीत तर चांगल्या प्लेटाही जळतील.

घसरतो हे नक्की झाले की फुकटातली पहिली तपासणी, क्लचची वायर. लिव्हर बोटाने हलके ओढून बघा. ताण जाणवण्याआधी टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या जाडीइतकी, ती मोकळी हलली पाहिजे. प्लेटा झिजत जातात तशी ही मोकळीक आपोआप कमी होते. ती शून्य झाली की आपण लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो, स्प्रिंगांचा पूर्ण दाब बसत नाही आणि प्लेटा रात्रंदिवस घसरत जळतात. कित्येक जण "वायर लूज झालीय, टाइट करून दे" असे सांगून स्वतःच हे ओढवून घेतात. तसेच ट्रॅफिकमध्ये दोन बोटे सतत लिव्हरवर ठेवून अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची सवय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाताना वाशीच्या खाडीपुलावर मी पाहतो, रांग मुंगीच्या पावलाने सरकते आणि निम्मी पोरे अर्ध्या क्लचवर. तिथे न्यूट्रल करून पाय टेकवावेत.

याच्या उलटे दुखणेही असते. क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते, पहिला गिअर टाकताना खडाक् आवाज येतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. इथे बहुतेक वेळा वायर जास्त ढिली असते, किंवा पावसाळ्यात पाणी जाऊन ती गंजलेली असते, आतल्या तारा एकेक तुटत असतात. ढिली असेल तर नीट करून बघा, गंजली असेल तर बदला. वायरीला खर्च तो किती! वायर नीट करूनही ओढत असेल तर प्लेट वाकडी झाली आहे किंवा क्लचच्या वाटीला खाचा पडल्या आहेत आणि ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

दुसरी तपासणी ऑइलची. स्प्लेंडरसारखी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा, दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करा, थोडे थांबा. डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. काही गाड्यांना काचेची खिडकी असते. मागून निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल खाते आहे, मग हे दर आठवड्याला बघा. ऑइल कारचे किंवा सुटे असेल तर ते काढून योग्य ऑइल घाला आणि थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला. प्लेटा जळलेल्या नसतील तर कधी एवढ्यावरही पकड परत येते. माझी आली होती.

हे दोन्ही करूनही घसरत असेल तर तिसरी गोष्ट, झाकण खोलणे. तेव्हा समोर उभे राहा. जुन्या प्लेटा हातात घ्या. घर्षणाचा थर झिजलेला, काळा पडून चकाकणारा, जळका वास येणारा असेल, पोलादी प्लेट निळसर झाली असेल, तर बदलणे खरे. स्प्रिंगांची लांबी कंपनीच्या मापाशी मोजायला सांगा, बसलेल्या असतील तर प्लेटांबरोबर त्याही बदला. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात. आणि माझ्यासारखे जुने ऑइल परत ओतू नका!

मेकॅनिक पोरांवर माझा राग नाही. त्यातली बरीच आपल्याच वस्त्यांतली, शाळा अर्धवट सुटलेली, उस्तादाच्या शिव्या खात शिकलेली. आय.टी.आय.मध्ये दुचाकी-तीनचाकी दुरुस्तीचा वेगळा ट्रेड आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, कामगाराच्या तांत्रिक शिक्षणाचा विषय त्यांच्या खात्याचा होता. आपल्या घरातल्या पोराने पाना धरला तर त्याला पुस्तकही द्यावे, एवढेच म्हणतो.

गेल्या रविवारी वंदनेनंतर मी तुर्भ्याला त्या ताईंकडे जाऊन आलो. मुलाची गाडी बघितली. क्लचच्या लिव्हरला मोकळीक केसाइतकीही नव्हती. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या खाली, काळे आणि पाण्यासारखे पातळ, विचारल्यावर कळले की सुटे घेतलेले. पण चढावर आवाज वाढत होता, निळा धूर नव्हता, किकला दाब चांगला होता. इंजिन खोलायचे कारण मला दिसले नाही. शंका नको म्हणून कोपरखैरण्याच्या त्या मिस्त्रींना दाखवले, त्यांनीही तेच सांगितले. वायर ढिली केली, सीलबंद एम ए ऑइल घातले. तीन दिवस बरे चालले, चौथ्या दिवशी पुलावर पुन्हा घसरली. महिनाभर ताणलेल्या वायरीवर चालवल्याने प्लेटा जळून गेल्याच होत्या. झाकण खोलल्यावर ते डोळ्यांनी दिसले. प्लेटा, स्प्रिंगा आणि झाकणाचे पॅकिंग बदलावे लागले. महिन्यापूर्वी कोणी लिव्हर हलवून पाहिली असती तर कदाचित तेही वाचले असते.

ताईंनी बचत गटातून पैसे उचलले, पण आधी ठरवले होते त्याच्या एक तृतीयांश. मुलगा बुधवारी पुन्हा कामावर गेला. जळलेल्या प्लेटा त्याने पिशवीत घालून माझ्याकडे दिल्या आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर त्या मांडून ठेवतो. ज्यांना हातात घेऊन बघायच्या आहेत त्यांनी यावे, गाडी घेऊन आलात तर लिव्हरची मोकळीक तिथेच बघू. येताना आपल्या ऑइलचा डबाही आणावा.

जयभीम!